ताबापत्रावर सही करण्याआधी: इंदूरमधल्या रो-हाउस वसाहतींच्या रहवासी संघांना खुले पत्र

प्रति,
रहवासी संघांचे पदाधिकारी आणि सभासद,
राऊ, लिंबोदी, बिचोली, निपानिया, सुपर कॉरिडॉर आणि बायपासलगतच्या सर्व नव्या रो-हाउस वसाहती, इंदूर

सप्रेम नमस्कार.

रो-हाउसचा ताबा देताना बिल्डरच्या ऑफिसात एक छापील कागद पुढे येतो. घराची प्रत्यक्ष पाहणी केली, बांधकामाबद्दल पूर्ण समाधान आहे, कसलीही तक्रार नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यात बहुधा असतंच. खाली सही झाली की किल्ल्या हातात पडतात. आता मुहूर्ताचा विचार करा. चातुर्मासात आपल्याकडे वास्तुशांत सहसा करत नाहीत. त्यामुळे घरं ताब्यात येतात ती दिवाळीनंतर, नाहीतर वसंत पंचमी ते अक्षय्य तृतीया या कोरड्या दिवसांत. ज्या घराबद्दल पूर्ण समाधान लिहून दिलं, ते घर घेणाऱ्याने भर पावसात आतून कधी पाहिलेलंच नसतं.

आम्ही इंदुरात बांधकाम, प्लंबिंग आणि घरांचे नकाशे या कामांत असलेली माणसं आहोत. रो-हाउस हा प्रकार आम्हाला मनापासून पटतो. पायाखाली स्वतःची जमीन, डोक्यावर स्वतःची गच्ची, दाराशी ओटा, तुळशीला जागा, लिफ्टचा खर्च नाही आणि शेजार हाकेच्या अंतरावर. १५ बाय ५० किंवा २० बाय ५० फुटांच्या प्लॉटवर मध्यमवर्गीय कुटुंबाचं घर नीट बसतं आणि वाढत्या शहरात अजून आवाक्यात राहतं. पण अशा घरात माणूस पाच वर्षांनीही खूश असेल का, ते दोन घरं जिथे एकमेकांना भेटतात त्या जागांवर ठरतं: सामाईक भिंत, गच्चीवरचा जोड, मागची ड्रेनेज लाइन, मधला डक्ट (उजेड-हवेसाठी सोडलेली उभी मोकळी जागा). या जागा माहितीपत्रकात नसतात, सॅम्पल हाउसात दिसत नाहीत, आणि बिघडल्या की दुरुस्ती कोणी करायची यावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं. त्या जागा कशा तपासायच्या आणि त्यांची जबाबदारी आधीच कागदावर कशी आणायची, ते संघांना कळावं म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

मागच्या बाजूने सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथल्याच असतात.

दहा घरांची एक रांग धरा. प्रत्येकाची रुंदी १५ फूट, म्हणजे रांग १५० फूट लांब. मागच्या मोकळ्या पट्टीतून सगळ्यांची एकच ड्रेनेज लाइन जाते आणि टोकाला निगमच्या (महापालिकेच्या) चेंबरला, म्हणजे लाइन तपासायच्या झाकणबंद हौदीला, मिळते. सहा इंची पाइपला साधारण ६० फुटांत १ फूट उतार लागतो, घरातून येणाऱ्या चार इंची पाइपला ४० फुटांत १ फूट. या हिशोबाने १५० फुटांत लाइन अडीच फूट खाली उतरली पाहिजे. पहिल्या घराशी ती दीड फूट खोल असेल तर शेवटच्या घराशी चार फूट खोल हवी, आणि निगमच्या चेंबरचा तळ त्याहूनही खाली हवा. ही मापं घरं बांधण्याआधी घ्यायची असतात. पुष्कळदा ती घेतलीच जात नाहीत. निगमची लाइन उथळ निघते आणि मग ठेकेदार पाइप जवळजवळ सपाट टाकून वर माती लोटतो. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली राहिला की मैला आणि स्वयंपाकघरातलं तेलकट पाइपच्या तळाशी बसू लागतं. पहिलं वर्ष काही कळत नाही, कारण अर्धी घरं रिकामी असतात. सगळी भरली की लाइन तुंबायला लागते, आणि त्रास होतो तो उतारावरच्या शेवटच्या एक-दोन घरांना. वरच्या आठ घरांना विचाराल तर ती म्हणतील, आमच्याकडे सगळं उत्तम आहे.

तपासणी सोपी आहे. सगळ्या चेंबरची झाकणं उघडायची. सर्वात वरच्या घराच्या न्हाणीत दोन बादल्या पाण्यात नीळ कालवून ओतायची आणि प्रत्येक चेंबरपाशी एक माणूस उभा करायचा. निळं पाणी एकामागून एक चेंबरमधून वाहत टोकाला पोचलं पाहिजे आणि दहा मिनिटांनी कुठल्याही चेंबरात साचून राहिलेलं दिसता कामा नये. जिथे साचतं तिथे एक तर पाइप बसलेला असतो, नाहीतर उतार उलटा पडलेला असतो. लाइन सरळ आहे का हे बघायला गुळगुळीत चेंडू सोडतात. भारतीय मानकात त्याचा व्यास पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिमी कमी सांगितला आहे, म्हणजे १५० मिमीच्या पाइपला १३७ मिमीचा चेंडू. सांध्यातून आत फुगून आलेलं सिमेंट त्याला अडवतं. ही दोन्ही कामं एका सकाळी होतात. बिल्डरचा साइट इंजिनियर समोर हवा आणि मोबाइलवर चित्रण हवं.

चेंबरच्या आत वाकून बघा. तळाला पाइपच्या रेषेत अर्धगोल नाली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी नालीकडे उतरता कोबा असायला हवा. तळ सपाट सोडला तर मैला पसरून तिथेच वाळतो आणि झुरळं थेट न्हाणीच्या जाळीपर्यंत येतात. प्रत्येक घराला स्वतंत्र चेंबर हवं, आणि दोन घरांत मिळून एक दिलं असेल तर ते कोणाच्या हद्दीत आहे हे नकाशावर हवं. खोल चेंबर दीड बाय दीड फुटाचं ठेवलं तर त्यात जेटिंगचा (दाबाच्या पाण्याने लाइन साफ करायचा) पाइप वळत नाही. मग सफाई कामगाराला आत उतरवायचं मनात येतं, आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्यात माणसाचा जीव जातो. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे.

यापुढची चूक बिल्डरची नसते, आपल्यातल्याच कोणाची तरी असते. मागची पाच फुटांची पट्टी पत्र्याने झाकून तिथे भांडी घासायची मोरी किंवा जास्तीचं स्वयंपाकघर केलं जातं. चेंबरचं झाकण टाइलखाली जातं. रांगेतल्या पाचव्या घराने असं केलं की चौथ्या आणि सहाव्या घरांच्या मधला तुंबारा काढायला वाटच उरत नाही. मग कडप्पा फोडण्यावरून जे सुरू होतं ते पोलीस ठाण्यापर्यंत जातं. बाजारात वरून टाइल बसवता येते अशी चौकटीसह झाकणं मिळतात. संघाने पहिल्याच सभेत ठराव करावा: मागे काहीही बांधा, झाकण उघडता आलं पाहिजे, आणि वर्षातून एकदा, मृग लागायच्या आधी, ते सगळ्यांसमोर उघडलं जाईल.

पावसाळी पाइप या ड्रेनेज लाइनला जोडलेले आहेत का हेही पाहा, कारण ते फार ठिकाणी जोडलेले सापडतात. १५ बाय ४० फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. तासाभरात ५० मिमी पाऊस पडला, आणि इंदुरात जुलै-ऑगस्टमध्ये अशी सर येते, तर दहा गच्च्यांवरून जवळजवळ २८,००० लिटर पाणी उतरतं. दहा घरांचं दिवसभराचं सांडपाणी घरटी पाच माणसं धरून साडेपाच हजार लिटरच्या आत असतं. एका तासात पाच दिवसांचं पाणी त्या लाइनवर येतं, आणि तेही आजूबाजूच्या प्रत्येक रांगेतून एकाच वेळी. निगमची मुख्य लाइन भरते आणि पाणी सर्वात खालच्या न्हाणीतून उलट वर येतं. गच्चीचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी नालीत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यातच गेलं पाहिजे. इंदुरात वर्षाला सरासरी ९५० मिमीच्या आसपास पाऊस होतो. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी अशा एका गच्चीवरून ४०,००० लिटरच्या वर पाणी मिळतं. बोअरिंगमध्ये ते गाळूनच सोडावं, आणि पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्यावं. तळमजल्याच्या न्हाणीची जाळी जवळच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा किमान अर्धा फूट उंच आहे का, ते साध्या पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतलं की कळतं. नंतर सिमेंटचा रस्ता झाला की तोच सहा-आठ इंच वर येतो, म्हणून घराचा जोता रस्त्यापेक्षा दोन फूट तरी वर असावा.

आता गच्ची. रो-हाउसच्या गच्चीची पाण्याची परीक्षा एकट्या घराची घेऊन भागत नाही, कारण पाणी स्लॅबमधून आडवं सरकतं आणि ओल शेजारच्या छताला उमटते. मधल्या घराच्या गच्चीवर पाणी भरायचं आणि दोन्हीकडच्या घरांची छतं तपासायची. पन्हाळीची तोंडं गोणपाट आणि सिमेंटने बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवायचं. त्याला २,८०० लिटर पाणी लागतं. वजनाची भीती नको: दर चौरस मीटरला ५० किलोच भार येतो, आणि वापरातली गच्ची १५० किलोसाठी धरलेली असते. ओल शोधताना आधी छत आणि सामाईक भिंत मिळतात तो कोपरा बघा, मग पंख्याचे हूक, मग न्हाणीच्या पाइपाभोवतीची जागा. प्लास्टरवर गडद डाग दिसेलच असं नाही. हात लावून गारवा लागतो का तेही पाहा.

पाणी मुरतं ते बहुतेक वेळा सपाट भागातून नाही, कडांमधून. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल उतार हवा आणि वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर फूटभर चढवलेला हवा. दोन गच्च्यांमधला कठडा साडेचार इंची आणि दोघांचा असतो. पुढे एक शेजारी त्यात डिशचे खिळे ठोकतो, दुसरा पाण्याच्या टाकीचा पाइप आरपार नेतो आणि भोकाभोवती नुसतं सिमेंट थापतो. कठड्याच्या माथ्याला एका बाजूला उतार हवा आणि तो कोणत्या बाजूला हे आधीच ठरलेलं हवं. गच्चीचा उतार १०० फुटांत १ फुटापेक्षा कमी नको. चार इंची पावसाळी पाइप तासाला १०० मिमीच्या पावसात साधारण ४० चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो. ५६ चौरस मीटरला दोन पाइप लागतात, मिळतो बहुतेक एकच. त्यात पानं अडकली की गच्चीची टाकी होते.

लांब रांगेत आणखी एक गोष्ट येते. काँक्रीटची इमारत ४५ मीटरपेक्षा लांब झाली की तिच्यात प्रसरण-जोड, म्हणजे उन्हाने होणाऱ्या वाढीसाठी सोडलेली फट, ठेवावा असं भारतीय मानक सांगतं. १५ फुटांची दहा घरं म्हणजे ४५.७ मीटर, नेमकी या सीमेवर. २० फुटी घरं असतील तर आठव्यालाच सीमा ओलांडते. जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला तर ४५ मीटरला साडेतेरा मिमीच्या आसपास लांबी बदलते. ही हालचाल कुठेतरी निघणारच. जोड ठेवला नसेल तर ती भिंती फोडून निघते, आणि स्लॅबच्या खालच्या कडेला सरळ आडवी भेग दिसते. जोड ठेवलेला असतो तिथेही घात होतो, कारण मिस्त्री ती फट सिमेंटने बुजवतो आणि पहिल्या उन्हाळ्यात सिमेंट सुटतं. २५ मिमीच्या फटीत आधी ३० मिमीचा फोमचा दोर दाबून बसवायचा, त्यावर पॉलियुरेथेन सीलंट १२ मिमी जाडीने भरायचं, आणि वरून धातूच्या पत्र्याचं आच्छादन एकाच बाजूला स्क्रूने पक्कं करायचं. दोन्ही बाजूंना स्क्रू मारले तर पत्रा वाकतो नाहीतर स्क्रू उपटतात. सीलंट काही वर्षांनी बदलावं लागतं. तो खर्च जोडाच्या दोन्हीकडच्या दोन घरांचा की सगळ्या रांगेचा? आमच्या मते सगळ्या रांगेचा, कारण तो जोड सगळ्या रांगेची हालचाल झेलतो.

सामाईक भिंतीबद्दल ताबा घेताना कोणी विचारत नाही, आणि वर्षभरात तीच सर्वात जास्त बोचते. शेजारचा मिक्सर, टीव्ही, रात्रीचा खोकला, सगळं ऐकू येतं. राष्ट्रीय इमारत संहितेत दोन घरांमधल्या भिंतीने आवाज सुमारे ५० डेसिबलने कमी करावा अशी अपेक्षा आहे. नऊ इंची विटांची भिंत दोन्हीकडून गिलावा करून त्या जवळपास पोचते. साडेचार इंची पोचत नाही. पोकळ आणि हलक्या ब्लॉकची भिंत त्याच जाडीला आवाज आणखी जास्त सोडते, कारण आवाज अडवायला वजन लागतं. साडेचार इंची भिंतीचा खरा दोष स्विचबोर्डांत असतो. गिलावा धरून भिंत साधारण १४० मिमी. दोन्ही घरांचे नकाशे आरशातल्यासारखे उलटे असल्याने बोर्ड पाठीला पाठ लावून येतात. ५० मिमी खोल खोके दोन्हीकडून गेले की मधे ४० मिमी विटेचा चुरा आणि सिमेंट उरतं. बोर्ड उघडून मागे टॉर्च धरली की उजेड शेजारी जातो, अशीही घरं आहेत. विटांच्या भिंतीत उभी खाच जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा आणि आडवी सहाव्या हिश्शापेक्षा खोल नसावी हा नियम आहे. ११५ मिमीच्या भिंतीला आडवी खाच १९ मिमीच्या पुढे चालत नाही, आणि बहुतेक वायरिंगची पट्टी त्याहून खोल जाते. बांधकाम चालू असतानाच सांगा: सामाईक भिंतीवर पाण्याचा पाइप नको, आणि बोर्ड हवेच असतील तर दोन घरांचे एकमेकांपासून दोन फूट तरी सरकवून. घर तयार असेल तर त्या बाजूला पूर्ण उंचीचं कपाट करणं हा सर्वात स्वस्त आणि बऱ्यापैकी लागू पडणारा उपाय. वीट आणि वरची बीम यांच्यामधली फट भरलेली आहे का, हेही शिडी लावून बघा. ती अर्धा इंच उघडी असली तरी जाड भिंतीचा फायदा बराचसा जातो.

भेगांबद्दल घाबरून जाऊ नका, पण त्या वाचायला शिका. इंदूर माळव्याच्या काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिला ओलांडून खालच्या घट्ट मुरमावर किंवा खडकावर जायला हवा. तेवढी खोली परवडत नसेल तर खाली फुगीर बूड असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) किंवा मुरमाचा भराव असे मान्य उपाय आहेत. पाया चार-पाच फुटांवर काळ्या मातीतच थांबवला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, मे महिन्यात रुंदावते आणि सप्टेंबरात बारीक होते. कॉलम आणि विटा मिळतात तिथली सरळ उभी भेग मात्र बहुधा मधे जाळी न लावल्याची असते. ती दिसायला वाईट, धोक्याची नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घाला आणि रुंदी मोजून ठेवा. वर्षभर हे केलं की बिल्डरशी बोलताना अंदाजावर बोलावं लागत नाही. रांगेत टोकाची घरं आधी हलतात, कारण त्यांच्या एका बाजूची माती उघडी असते. तिथे भिंतीला लागून तीन फुटांची बाहेर उतरती फरशी घाला, भिंतीलगत रोज पाणी घालावं लागेल अशी बाग करू नका, आणि मोठं होणारं झाड त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकं तरी लांब ठेवा.

पाण्याविषयी थोडक्यात. शहरातल्या मोठ्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाच माणसांना दरडोई १३५ लिटरप्रमाणे दोन दिवसांना १,३५० लिटर लागतं. एखादा दिवस पाणी चुकलं तरी निभावेल असा २,५०० ते ३,००० लिटरचा हौद आणि गच्चीवर १,००० लिटरची टाकी पुरते. पिण्याच्या पाण्याची लाइन आणि ड्रेनेज यांत ३ मीटर अंतर ठेवायची शिफारस आहे. १५ फुटांचं घर साडेचार मीटर रुंद. दोन्ही लाइनी पुढूनच नेल्या तर ते अंतर मिळणार नाही. म्हणून पाणी पुढून आणि ड्रेनेज मागून हीच रचना रो-हाउसला शोभते. बिल्डरने दोन्ही पुढून नेल्या असतील तर हौदाची भिंत आणि चेंबर यांच्यातलं अंतर मोजा, हौदाचं झाकण जमिनीपेक्षा सहा इंच उंच करून घ्या, आणि ड्रेनेज ओलांडून जाणारा पाण्याचा पाइप वरूनच जाईल हे बघा.

उजेड आणि वारा यांत आपण जुन्या इंदूरच्या मागे पडलो आहोत. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वस्तीतही भिंतीला भिंत लागून घरं होती, पण वाड्याच्या मधोमध चौक असायचा. आताच्या १५ बाय ५० मध्ये चौकाच्या जागी तीन बाय चार फुटांचा डक्ट येतो. न्हाणीघरासाठी तो ठीक. त्याच्यावर निजायच्या खोलीची एकमेव खिडकी दिली असेल तर ती खोली बारा महिने कोंदट राहणार. त्यात शेजाऱ्याने गीझरचा धूर किंवा चिमणीचं तोंड सोडलं तर खिडकी कायमची बंदच होते. माळव्यातल्या उन्हाळ्याच्या रात्री गार असतात. तो गारवा आत यायला पुढून मागे वारा खेळला पाहिजे, आणि जिना गच्चीवर उघडतो त्या खोलीला वरच्या अंगाला झडप हवी, म्हणजे तापलेली हवा तिथून निघून जाते. डक्ट वरून काचेने पक्का बंद करू नका. शेजारच्या भिंतींमुळे रो-हाउसची बाजू तापत नाही, तापते ती गच्ची. पांढरा चायना मोझेक किंवा दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात दिला तर वरच्या मजल्यावर फरक कळतो.

पार्किंगचं गणित सगळ्यांना माहीत आहे. पुढची जागा १० फूट, म्हणजे ३ मीटर. लहान गाडीसुद्धा साधारण साडेतीन-पावणेचार मीटर. तिचं नाक रस्त्यावर येतं आणि सकाळी कचऱ्याची गाडी अडते. रस्त्याकडे उघडणाऱ्या गेटऐवजी सरकतं गेट आणि नालीवर काढता येईल असा जाळीचा उतार, एवढं तरी सगळ्यांनी सारखं करावं.

मजला चढवण्याचा प्रश्न मात्र मोठा आहे आणि त्यावर संघ गप्प बसतात. बिल्डरला विचारा, कॉलम कोणाचे? पुष्कळ रांगांत दोन घरांच्या मधे कॉलमची एकच ओळ असते आणि दोन्हीकडच्या बीम तिच्यावर टेकतात. अशा घराचा मालक एकटा आपलं घर पाडून नव्याने बांधू शकत नाही, आणि त्याने चढवलेल्या मजल्याचा अर्धा भार शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या पायावर जातो. स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर मूळ हिशोब किती मजल्यांचा आहे ते लिहिलेलं असतं. ते ड्रॉइंग न पाहता संघाने कोणालाही ना हरकत पत्र देऊ नये. शेजारी पायाचं खोदकाम करणार असेल तर टप्प्याटप्प्याने, चार-पाच फुटांच्या तुकड्यांत, आणि टेके लावून.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन आणि विकास) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवांचा दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. ड्रेनेज ही सेवाच आहे. कलम १९(५) प्रमाणे ताबा मिळाल्यावर सामाईक भागांसह सर्व नकाशे आणि कागदपत्रं मिळणं हा घर घेणाऱ्याचा हक्क आहे. तो बजावा आणि चेंबर, पाइपचे उतार, कॉलम, प्रसरण-जोड आणि पाण्याच्या लाइनी प्रत्यक्ष बांधल्या तशा दाखवणारा नकाशा मागा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. त्यामुळे छोट्या सहा-आठ घरांच्या रांगा घेणाऱ्यांनी हे सगळं विक्री करारातच लिहून घ्यावं. आणि कॉलनी विकसित होईपर्यंत बिल्डरचे काही प्लॉट निगमकडे गहाण असतात. ते सुटण्याआधी ड्रेनेजच्या चाचणीचा लेखी अहवाल निगमच्या कॉलनी सेलला (वसाहतींचं काम पाहणाऱ्या विभागाला) द्या. सुटल्यावर बिल्डरला बोलावणं फार अवघड जातं.

तुमच्यातले काही संघ ‘रहिवाशांचं समाधान’ अशी फॉर्म भरून पाहणी करतात. पाहणी जरूर करा, पण ताब्यानंतर तिसऱ्या महिन्यात नको. दोन पावसाळे आणि एक पूर्ण उन्हाळा गेल्यावर पहिली, आणि ताब्याला साडेचार वर्षं झाली की दुसरी करा, म्हणजे पाच वर्षांची मुदत संपण्याआधी सहा महिने हातात राहतात. घर समाधानकारक आहे का, असा प्रश्न विचारला की शेजारधर्म आणि घराची किंमत पडायची भीती या दोन्हींमुळे उत्तर ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारा: गेल्या पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल आली? किती वेळा लाइन तुंबली, आणि कोणत्या महिन्यात? शेजारचं बोलणं कोणत्या खोलीत ऐकू येतं? दुपारी दोन वाजता वरच्या खोलीत बसवतं का? प्रत्येक फॉर्मवर घर टोकाचं की मधलं, उताराच्या वरचं की खालचं, हे आधी लिहा. ते नसेल तर खालच्या दोन घरांचा त्रास सरासरीत बुडून जातो. दिवसभर घरात असणाऱ्या बायकांना आणि ज्येष्ठांना वेगळं विचारा. भाडेकरूंनाही विचारा, कारण घराचं कौतुक टिकवायची गरज त्यांना नसते.

आणि ताबापत्र. छापील वाक्य खोडून त्याजागी हाताने लिहा: ‘घर ताब्यात घेतले. गच्ची, सामाईक भिंत, ड्रेनेज आणि पाया यांची पावसाळ्यातली स्थिती पाहिलेली नाही. रेरा कायदा कलम १४(३) अन्वये हक्क राखून ताबा घेत आहे.’ खाली तारीख घाला, सही करा आणि एक प्रत पोच घेऊन ठेवा. एकट्याने असं लिहिलं तर बिल्डर नाराजी दाखवेल. संघाने हा मजकूर आधीच ठरवून सगळ्या दहा घरांना दिला तर तो नाराजी कोणावर दाखवणार?

कळावे,
आपले,
इंदूरमधले काही मराठी अभियंते, नकाशाकार आणि प्लंबिंग ठेकेदार